फर्ग्युसनमधून कौन्सिलात जाताना गोखल्यांनी सोबत काय नेले?

ओसरी:

गोपाळ कृष्ण गोखल्यांची वरिष्ठ कायदेमंडळातील, म्हणजे व्हाइसरॉयच्या कौन्सिलातील, अंदाजपत्रकावरची भाषणे गेले काही आठवडे मी क्रमाने वाचते आहे. वाचता वाचता एक प्रश्न डोक्यात घर करून बसला आहे, तो येथील जाणकारांपुढे ठेवते.

गोखल्यांचा जीवनक्रम थोडक्यात असा. जन्म 1866 चा, रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूकचा. लहानपण कागलला गेले. वडील लवकर वारले, तेव्हा थोरले बंधू गोविंदराव शिक्षण सोडून नोकरीला लागले आणि पंधरा रुपयांच्या पगारातले आठ रुपये धाकट्याच्या शिक्षणासाठी पाठवू लागले. 1884 मध्ये गोखले एल्फिन्स्टनमधून बी. ए. झाले, पुढच्याच वर्षी पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक म्हणून लागले, 1886 मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सभासद झाले आणि मग फर्ग्युसनमध्ये प्राध्यापक. 1899 मध्ये ते मुंबईच्या कायदे कौन्सिलात निवडून गेले. त्यानंतर फिरोजशहा मेहतांच्या जागी त्यांची वरिष्ठ कायदेमंडळावर निवड झाली, आणि 1902 मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, त्यांनी कॉलेजचा निरोप घेतला. पुढची तेरा वर्षे ते पूर्णवेळ राजकारणात होते.

आता प्रश्न. चरित्रांमध्ये याला ‘अध्यापन सोडून राजकारणात प्रवेश’ असे म्हणतात, जणू एक घर सोडून माणूस दुसऱ्या घरी राहायला गेला. भाषणे वाचताना मला मात्र असे वाटत राहते की हा माणूस वर्ग सोडून गेलाच नाही. व्हाइसरॉयसमोरही तो फळ्यावर उदाहरण सोडवून दाखवावे तसा बोलतो. मग त्यांनी नेमके काय सोडले, काय सोबत नेले आणि सोबत नेलेल्यातले काय तिथे उपयोगी पडले? आणि एक उपप्रश्न, जो मला अधिक छळतो: ज्या विषयात त्यांचा अधिकार सर्वांत मोठा होता, त्या शिक्षणाच्याच विषयात त्यांचे विधेयक का फेटाळले गेले? ‘गोखले महान होते’ एवढ्याच आशयाचे प्रतिसाद कृपया नकोत. त्याबद्दल माझे दुमत नाही.

दप्तरी:

आपल्या प्रश्नाचा पहिला भाग 26 मार्च 1902 च्या भाषणावरून चांगला उलगडतो, म्हणून त्या एकाच भाषणावर थोडा रेंगाळतो.

त्या वर्षी सरकारी तिजोरीत सात कोटींची शिल्लक पडली होती आणि कौन्सिलातील सभासद एकामागून एक अर्थमंत्र्यांचे अभिनंदन करीत होते. गोखले उठले आणि त्यांनी आरंभीच सांगितले की आपल्याला या अभिनंदनात मनापासून सामील होता येत नाही. पुढचा सगळा युक्तिवाद असा आहे की तो कोणत्याही चांगल्या शिक्षकाने वर्गात चालवून पाहावा. शिल्लक म्हणजे समृद्धी, हे गृहीतक त्यांनी आधी बाजूला काढले आणि मग विचारले की ही शिल्लक आली कोठून. उत्तर हुंडणावळीत, म्हणजे रुपया आणि पौंड यांच्या विनिमयदरात, होते. चांदीचा भाव उतरत गेल्याने रुपयाची किंमत 1894-95 च्या सुमारास तेरा पेन्सांपर्यंत खाली आली होती. विलायतेतील खर्च, म्हणजे पेन्शने, कर्जावरील व्याज, लष्करी सामान, हे सर्व पौंडांत भागवायचे असल्यामुळे एका पौंडासाठी हिंदुस्थानच्या तिजोरीला त्या काळी साडेअठराच्या आसपास रुपये मोजावे लागत. सरकारने 1893 मध्ये कोणीही चांदी आणून टांकसाळीत रुपये पाडून घेण्याची मुभा बंद केली, रुपया पुढे सोळा पेन्सांवर स्थिर केला, आणि तोच पौंड पंधरा रुपयांत मिळू लागला. दर पौंडामागे साडेतीन रुपये वाचू लागले. असे कोट्यवधी पौंड दरसाल जात असत, त्यामुळे शिल्लक पडणारच होती. तिच्यासाठी शेत पिकण्याची गरज नव्हती. प्रत्यक्षात त्याच काळात देशाने 1896-97 आणि 1899-1900 असे दोन भीषण दुष्काळ सोसले होते.

यानंतर गोखले खरा घाव घालतात. रुपया घसरतो आहे या सबबीवर सरकारने कर वाढवले होते, मिठावरचा कर 1888 मध्ये मणामागे दोन रुपयांवरून अडीच रुपयांवर नेला होता. रुपया सावरला, सबब संपली, मग वाढवलेला कर का ठेवला? ज्या रयतेच्या अंगावर दुष्काळात कपडा उरला नव्हता, तिच्या मिठातून काढलेला पैसा शिल्लक म्हणून मिरवणे हा हिशेब नव्हे, असा त्याचा आशय आहे.

या कौन्सिलात सरकारी सभासदांचे बहुमत होते आणि 1892 च्या कायद्याप्रमाणे बिनसरकारी सभासदाला अंदाजपत्रकावर फक्त बोलता येत असे. मतदान मागता येत नसे, दुरुस्ती सुचवता येत नसे, विचारलेल्या प्रश्नावर उपप्रश्नही करता येत नसे. म्हणजे त्याच्या हाती शब्द आणि आकडे एवढेच होते. तरीही मिठावरचा कर 1903 मध्ये दोन रुपयांवर, 1905 मध्ये दीड रुपयावर आणि 1907 मध्ये एका रुपयावर आला, आणि प्राप्तिकरातून सुटीची मर्यादा 1903 मध्ये पाचशे रुपयांवरून हजार रुपयांवर गेली. हे सगळे गोखल्यांमुळेच झाले असे मी म्हणणार नाही, कारण भरलेल्या तिजोरीचा तोही एक सोयीचा निर्णय होता. पण पुढे अर्थखात्याला अंदाजपत्रक मांडताना या माणसाचा विचार करूनच बसावे लागे, एवढे निश्चित म्हणता येते.

मुळाक्षर:

दप्तरींचा प्रतिसाद उत्तम आहे, तरी एका मूलभूत मुद्द्यावर मला थांबावेसे वाटते. या चर्चेत आपण सर्व जण गोखल्यांना विद्वान गृहीत धरून चाललो आहोत. ते संशोधक या अर्थाने विद्वान होते का? माझे उत्तर, गोखल्यांविषयी पुरेपूर आदर ठेवून, ‘नाही’ असे आहे.

फर्ग्युसनमध्ये त्यांनी इंग्रजी वाङ्मय शिकवले, गणित शिकवले, आणि गरज पडली तेव्हा इतिहास व अर्थशास्त्रही शिकवले. ज्या विषयाला माणूस नसेल तो गोखल्यांनी घ्यावा, असाच तो प्रकार होता. अंकगणिताचे पाठ्यपुस्तक हे त्यांचे सर्वांत जास्त खपलेले पुस्तक. ते एका सहकाऱ्याच्या मदतीने तयार केलेले होते आणि त्याच्या मानधनाचा त्यांना आयुष्यभर आधार राहिला. स्वतंत्र शोध मांडणारा ग्रंथ त्यांच्या नावावर नाही. घोटून पाठ करणे ही त्यांची विद्यार्थिदशेपासूनची सवय. बर्कचे उतारेच्या उतारे ते म्हणून दाखवू शकत. ही शिक्षकाची तयारी झाली, पंडिताची नव्हे.

अर्थशास्त्र त्यांना कॉलेजने दिले नाही, न्यायमूर्ती रानड्यांनी दिले. 1887 पासून रानड्यांच्या हाताखाली त्यांनी सरकारी अहवाल वाचणे, त्यातून टिपणे काढणे आणि सार्वजनिक सभा या पुण्यातील राजकीय संस्थेच्या त्रैमासिकासाठी लिहिणे, असा जो अभ्यास केला, तो आजच्या भाषेत पदव्युत्तर शिक्षणच म्हणावा लागेल; फक्त त्याला पदवी नव्हती आणि गुरू न्यायाधीश होता. रानडे टिपणावर टिपण परत पाठवीत आणि पुन्हा लिहायला लावीत. 1901 च्या जानेवारीत रानडे गेले, आणि वर्षभरातच गोखले कलकत्त्याला, वरिष्ठ कायदेमंडळात पोचले. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो.

आणखी एक नाव या चर्चेत यायलाच हवे, ते गणेश व्यंकटेश जोशींचे. सोलापूरचे हे मुख्याध्यापक सरकारी नोकरीत होते, म्हणून त्यांचे अर्थशास्त्रीय लेख त्रैमासिकात निनावी छापले जात. शेतसारा, रेल्वे, लष्करी खर्च, विलायतेतील खर्च यांवरचे त्यांचे आकडे बिनतोड असत. हिंदुस्थान सरकारच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढील गोखल्यांच्या साक्षीच्या आणि पुढे अंदाजपत्रकी भाषणांच्या तयारीत जोशींचा मोठा हात होता. तेव्हा अभ्यासखोलीतून राजकारणात गेलेला विद्वान कोण, असे विचाराल तर मी म्हणेन की विद्वान सोलापुरातच बसून राहिला. सभागृहात गेला तो त्याचे म्हणणे सर्वांना समजेल असे मांडणारा शिक्षक. हे मी गोखल्यांना कमी लेखण्यासाठी म्हणत नाही. जोशींना ते भाषण करता आले नसते.

ओसरी:

मुळाक्षर, जोशींचे नाव मी प्रस्तावनांमध्ये ओझरते वाचले होते, पण आपण म्हणता तेवढे त्यांचे वजन आहे याची मला कल्पना नव्हती. आपले म्हणणे मान्य केले तर माझा प्रश्न थोडा बदलतो: गोखल्यांनी सोबत नेली ती विद्या नव्हे, तर शिकवण्याची रीत. पण मग एक गोष्ट खटकते. एवढा पुराव्याचा माणूस 1897 मध्ये पुराव्याविना बोलून कसा बसला? माफीचे ते प्रकरण या रीतीत कोठे बसते?

जुना छात्र:

ओसरी, ते प्रकरण या रीतीच्या आधीचे आहे, किंवा ती रीत पक्की होण्याचे कारण आहे, असे माझे मत आहे.

1897 मध्ये गोखले प्रथमच विलायतेस गेले ते वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यासाठी. दिनशा वाच्छा, सुरेंद्रनाथ बॅनर्जी आणि सुब्रह्मण्य अय्यर यांच्याबरोबरीने त्यांची साक्ष झाली, आणि तिशीतल्या या प्राध्यापकाने उलटतपासणीत आपली बाजू चांगली सांभाळली. ते तिकडे असतानाच पुण्यात प्लेगचा बंदोबस्त चालू होता. घरोघरीच्या तपासणीत गोऱ्या सोजिरांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याची पत्रे त्यांना पुण्याहून आली. लिहिणारी माणसे विश्वासू होती, म्हणून गोखल्यांनी तो मजकूर तिकडच्या वर्तमानपत्रांत आणि पार्लमेंटच्या सभासदांपुढे मांडला. 22 जूनला प्लेगच्या बंदोबस्ताचा प्रमुख अधिकारी रँड याच्यावर गोळी झाडली गेली, हवा पालटली आणि सरकारने पुराव्याची मागणी केली. परत आल्यावर गोखल्यांनी चौकशी केली, तेव्हा ज्यांनी लिहिले होते ते उघडपणे पुढे यायला तयार नव्हते आणि त्या दहशतीच्या दिवसांत ते स्वाभाविकही होते. त्यांची नावे सांगून त्यांना अडचणीत आणायचे नाही आणि नावांशिवाय आरोप सिद्ध होत नाही, अशा कात्रीत सापडून त्यांनी आरोप बिनशर्त मागे घेतला आणि जाहीर माफी मागितली.

त्याबद्दल पुण्यात त्यांची जी निर्भर्त्सना झाली ती वर्षानुवर्षे टिकली, आणि त्याच वर्षीच्या अमरावतीच्या काँग्रेस अधिवेशनात त्यांना मागेच राहावे लागले. माफी मागायला नको होती, असे म्हणणारे तेव्हाही होते आणि आजही आहेत. मला त्यात राजकारण्याची चूक आणि शिक्षकाची सचोटी अशा दोन्ही गोष्टी दिसतात: जे वर्गात सिद्ध करता येत नाही ते वर्गात सांगू नये, हा नियम त्यांनी स्वतःला लावला आणि त्याची किंमत मोजली. नंतरच्या भाषणांत सरकारी अहवालाबाहेरचा आकडा ते जवळजवळ वापरतच नाहीत, हे आपणही पाहिले असेल. सरकारचेच पुस्तक उघडून सरकारला वाचून दाखवायचे, म्हणजे पुरावा कोणी मागू शकत नाही.

आता ‘काय सोडले’ या प्रश्नाकडे येतो. मला वाटते की त्यांनी कॉलेजातून सर्वांत मौल्यवान अशी जी गोष्ट उचलून नेली तिचा येथे कोणी उल्लेखच केलेला नाही, आणि ती म्हणजे आजीव सभासदाची कल्पना.

डेक्कन एज्युकेशन सोसायटीचा आजीव सभासद वीस वर्षे सेवा करण्याची प्रतिज्ञा करी आणि दरमहा पंचाहत्तर रुपयांवर काम करी. ही जेझुइट पाद्र्यांच्या त्यागाच्या धर्तीवरची योजना होती आणि तिच्या अर्थाबद्दल संस्थापकांत भांडण झाले. टिळकांचे म्हणणे असे की आजीव सभासदाने आपला सगळा वेळ संस्थेलाच द्यावा आणि बाहेरचे काम व बाहेरची मिळकत यांचा मोह धरू नये. 1890 मध्ये गोखल्यांनी सार्वजनिक सभेचे चिटणीसपद घेतले, ते टिळकांना या तत्त्वाशी विसंगत वाटले, आणि त्या वर्षाअखेरीस टिळकांनी सोसायटीचा राजीनामा दिला. भांडणाला इतर कारणेही होती, आगरकरांशी असलेले मतभेद तर जुनेच होते, पण निमित्त हे झाले. टिळकांची बाजू मला येथे तर्काने अधिक सरळ वाटते, हे सांगून टाकतो: दोन दगडांवर पाय ठेवता येत नाही असे ते म्हणाले आणि स्वतः एका दगडावरून उतरून पूर्णवेळ ‘केसरी’कडे वळले. गोखले मात्र पुढची बारा वर्षे दोन्ही दगडांवर उभे राहिले, शिकवीत राहिले, सुट्ट्यांत संस्थेसाठी वर्गण्या गोळा करीत हिंडले, आणि सभा, परिषद, कौन्सिल हेही सांभाळले.

पण 12 जून 1905 रोजी त्यांनी पुण्यात सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटी, म्हणजे भारत सेवक समाज, स्थापन केला तेव्हा काय केले ते पाहा. सभासदाने सात प्रतिज्ञा घ्यायच्या, पाच वर्षे उमेदवारी करायची, बेताच्या वेतनावर राहायचे, स्वतःसाठी पैसा मिळवण्यात शक्ती घालवायची नाही आणि आपला वेळ दुसऱ्या कशाला द्यायचा नाही. डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्याच नियमांचे हे राजकीय रूप आहे, आणि त्यात टिळकांचा 1890 चा आग्रह जवळजवळ जसाच्या तसा मान्य केलेला आहे. राजकारण हे वकिलांनी फावल्या वेळात करायचे काम नव्हे, त्याला शिक्षण लागते, अभ्यासक्रम लागतो, ग्रंथालय लागते, ही कल्पना प्राध्यापकालाच सुचू शकते. त्यांच्यामागे समाजाचे अध्यक्ष झालेले श्रीनिवास शास्त्री हेही मद्रासकडचे शाळामास्तरच होते.

मुळाक्षर:

जुना छात्र, टिळकांच्या आग्रहाचा तो धागा मी कधीच जोडून पाहिला नव्हता, पूर्ण सहमत. फक्त एक पुस्ती जोडते. 1902 च्या निरोपाच्या भाषणात गोखल्यांनी समुद्रकाठी सुखाने राहणारा माणूस घर सोडून होडी पाण्यात लोटतो, असा दृष्टांत दिला होता. म्हणजे सोडून जाण्याची हुरहूर त्यांना होती. आपण सगळे ‘सोबत नेले’ यावरच बोलतो आहोत, पण काहीतरी काठावर राहिले हे त्यांना स्वतःला वाटत होते.

अवांतर: भारत सेवक समाजाच्या आवारातच 1930 मध्ये गोखल्यांच्या नावाची अर्थशास्त्र संस्था उभी राहिली आणि तिचे पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ 1967 मध्ये नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले. हा प्रवास उलट्या क्रमाने झालेला आहे. तेथे संशोधक आधी आणि सत्तेची खुर्ची नंतर आली, शिवाय निवडणूक आलीच नाही. राज्यांना केंद्राची मदत कशी वाटायची याचे त्यांचे 1969 चे सूत्र आजही त्यांच्याच नावाने ओळखले जाते.

दप्तरी:

उरला तो उपप्रश्न, विधेयकाचा. तो सगळ्यात अवघड आहे, कारण तेथे गोखल्यांची मांडणी कोठे उणी पडली असे दाखवता येत नाही आणि तरी ते हरले.

1909 च्या सुधारणांनी कौन्सिलात ठराव मांडता येऊ लागला. मार्च 1910 मध्ये गोखल्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करण्याच्या दिशेने पावले टाकावीत, असा ठराव आणला आणि सरकारने विचाराचे आश्वासन दिल्यावर तो परत घेतला. त्या वर्षी शिक्षणाचे स्वतंत्र खाते निर्माण झाले आणि हारकोर्ट बटलर त्याचे प्रमुख झाले. समाधान होईना, तेव्हा 16 मार्च 1911 रोजी गोखल्यांनी विधेयकच मांडले.

ते विधेयक वाचले तर त्याची सावधगिरी पाहून आज चकित व्हायला होते. सक्ती देशभर नव्हतीच. एखाद्या नगरपालिकेला वा लोकल बोर्डाला वाटले, तिच्या हद्दीत ठरावीक प्रमाणात मुले आधीच शाळेत जात असली आणि प्रांतिक सरकारची परवानगी मिळाली, तर तिने सहा ते दहा वर्षांच्या मुलांपुरती सक्ती करावी. मुलींना ती लगेच लागू होणार नव्हती. 1910 च्या ठरावात ते प्रमाण शेकडा 33 असे सुचवले होते, आणि खर्चाची वाटणी स्थानिक संस्थेचा एक हिस्सा व सरकारचे दोन अशी होती. आधार म्हणून त्यांनी इंग्लंडचे 1870 व 1876 चे आणि आयर्लंडचा 1892 चा कायदा पुढे ठेवला, आणि घरचे उदाहरण म्हणून बडोद्याचे, जेथे सयाजीरावांनी 1893 मध्ये अमरेलीपासून आरंभ करून 1906 मध्ये सक्ती संस्थानभर नेली होती. विरोधकाला बोट ठेवायला जागाच उरू नये अशी ही रचना होती.

विरोध मग कोणत्या कारणांनी झाला? प्रांतिक सरकारांनी प्रतिकूल मते पाठवली, पैसा नाही असे सांगण्यात आले, सक्तीची वेळ आलेली नाही असे सांगण्यात आले, स्थानिक कर वाढेल या भीतीने काही हिंदी सभासदही कचरले. जिना आणि मदनमोहन मालवीय बाजूने उभे राहिले. मार्च 1912 मध्ये मत घेतले गेले तेव्हा विधेयक 13 विरुद्ध 38 मतांनी पडले. मोर्लेंच्या सुधारणांनी प्रांतांत सरकारी बहुमत सोडले होते, पण वरिष्ठ कायदेमंडळात मुद्दाम राखले होते, त्यामुळे निकाल मत घेण्याआधीच ठरलेला होता. गोखल्यांना हे ठाऊक होते, तसे त्यांनी भाषणात सांगितलेही, आणि आपल्या पिढीला अपयशांतूनच देशसेवा करावी लागेल या अर्थाचे ते प्रसिद्ध उद्गार तेव्हाचेच आहेत.

येथे मला ओसरींच्या मूळ विधानाला थोडा छेद द्यावासा वाटतो. वर्गात उदाहरण बरोबर सुटले की ते मान्य होते. शिक्षकाची सगळी शक्ती या श्रद्धेवर उभी असते. मिठाच्या करात ती चालली, कारण तेथे सरकारला थोडा पैसा सोडायचा होता आणि तो तिजोरीत होता. शिक्षणात सरकारला दरसाल वाढता खर्च कायमचा पत्करायचा होता. समोरच्याचे हित जेथे आड येते तेथे बरोबर उत्तराने भागत नाही, बाहेरून रेटा लागतो, आणि तो रेटा उभा करणे गोखल्यांच्या स्वभावातही नव्हते व रीतीतही नव्हते. ते काम टिळकांच्या वाट्याचे होते, आणि 1907 ला सुरतेस काँग्रेस फुटल्यानंतर ते दोघे एकत्र येण्याची शक्यताच उरली नव्हती. टिळक तर 1908 पासून मंडालेच्या तुरुंगात होते. विधेयक पडले त्या दिवशी ते तेथेच होते.

याची दुसरी बाजूही नोंदवतो. करारबद्ध मजुरांच्या प्रश्नात हीच रीत यशस्वी ठरली. 1910 मध्ये दक्षिण आफ्रिकेतील नाताळला मजूर पाठवणे बंद करण्याचा त्यांचा ठराव सरकारने स्वीकारला आणि 1911 पासून तेथील भरती थांबली. 1912 मध्ये संपूर्ण करारपद्धतच बंद करण्याचा ठराव मात्र पडला, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ते स्वतः दक्षिण आफ्रिकेत जाऊन गांधींबरोबर हिंडले. तीन पौंडांच्या डोईपट्टीचा प्रश्न त्यांनी तेथील मंत्र्यांसमोर मांडला, पण ती पट्टी उठली 1914 मध्ये, मधल्या सत्याग्रहानंतर. आकडे गोखल्यांचे आणि रेटा गांधींचा, अशी जोडी तेथे जमली. 1911-12 च्या कलकत्त्यात ती नव्हती.

जुना छात्र:

दप्तरी, विधेयकाच्या पुढच्या इतिहासाचा उल्लेख राहिला. विठ्ठलभाई पटेलांनी मुंबई इलाख्यात 1918 मध्ये जो प्राथमिक शिक्षणाचा कायदा करून घेतला तो गोखल्यांच्याच ‘ज्याला हवे त्याने सक्ती करावी’ या धाटणीचा होता आणि नगरपालिकांपुरता होता. कोल्हापुरात शाहू महाराजांनी त्याआधीच, 1917 मध्ये, पाऊल उचलले होते. 1923 मध्ये मुंबईचा व्यापक कायदा झाला तेव्हा शिक्षणमंत्री होते रघुनाथराव परांजपे: केंब्रिजचे सीनियर रँग्लर (तेथील गणिताच्या परीक्षेत पहिले आलेले), फर्ग्युसनचे प्राचार्य, गणिताचे प्राध्यापक आणि डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सभासद. गोखले 1915 च्या फेब्रुवारीत अठ्ठेचाळिसाव्या वर्षी गेले. यांतले काहीच त्यांनी पाहिले नाही.

ओसरी:

सर्वांचे आभार. दप्तरी, आपला छेद मी मान्य करते. ‘वर्ग सोडून गेलाच नाही’ हे मी कौतुकाने लिहिले होते, त्यातच त्यांची मर्यादाही होती हे माझ्या लक्षात आले नव्हते.

मुळाक्षर, जोशींचे त्रैमासिकातले लेख मिळवून ते आणि 1902 चे भाषण शेजारी शेजारी ठेवायचे ठरवले आहे. कोणता आकडा सोलापूरहून आला आणि कोणता गोखल्यांनी स्वतः काढला, हे निदान हुंडणावळीच्या परिच्छेदापुरते तपासता येईल असे वाटते. काही सापडले तर याच धाग्यावर लिहीन.